गाडी एकसारखी, किल्ली वेगळी

पिंपरी-चिंचवडवर स्कूटरचं राज्य होतं त्या काळातली एक गोष्ट इथल्या जुन्या माणसांना मुद्दाम सांगावी लागत नाही. किल्ली पुरेशी झिजली की ती दुसऱ्याच्याही स्कूटरला लागायची. पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या स्टँडवरून कुणीतरी त्याच रंगाची भलतीच गाडी घेऊन घरी पोचायचा आणि नंबर बघून परत धावायचा, असे किस्से आकुर्डीपासून भोसरीपर्यंत कुठेही ऐकायला मिळत. यात जादू काही नव्हती. पत्र्याच्या किल्लीवर पाच-सहा खाचा, प्रत्येक खाचेच्या खोलीला तीन-चार पायऱ्या. एकूण प्रकार काही शेकडे, फार तर काही हजार. गाड्या मात्र लाखांनी निघत. त्यामुळे एकाच साच्याच्या किल्ल्या गावभर असणारच होत्या.

या पट्ट्याचं सगळं कौशल्य एकसारखेपणात आहे. जिग, फिक्स्चर, गो-नोगो गेज, टूलरूममधले ते मायक्रॉनवरून होणारे वाद, हे सगळं कशासाठी? दहा हजारावा जॉब पहिल्या जॉबसारखा निघावा म्हणून. भोसरीतल्या दोन लेथच्या वर्कशॉपपासून चाकणच्या रोबोटच्या रांगांपर्यंत धर्म हाच. आख्ख्या गाडीत एकच वस्तू अशी आहे की ती दुसऱ्या गाडीतल्या वस्तूसारखी निघाली तर रिजेक्ट करायला हवी. ती म्हणजे किल्ली. गेल्या चाळीस वर्षांत गाडीच्या किल्लीत गुप्तलेखन कसं शिरलं, कसं फुटलं आणि पुन्हा कसं सावरलं याचा इतिहास मला तरी या एका विसंगतीचा इतिहास वाटतो.

तो सुरू होतो पिंपरीपासून फार लांब. आयबीएममध्ये होर्स्ट फाइस्टल नावाचे जर्मनीत जन्मलेले संशोधक १९७० च्या आसपास संगणकातल्या माहितीला कुलूप घालण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या कामातून पुढे जे उभं राहिलं ते १९७७ साली अमेरिकी सरकारने मानक म्हणून जाहीर केलं. त्याचं नाव डीईएस. हा सममित ब्लॉक सायफर होता. सायफर म्हणजे माहिती झाकण्याची ठरलेली कृती. सममित म्हणजे माहिती झाकणारी आणि उघडणारी किल्ली एकच. आणि ब्लॉक म्हणजे माहिती ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत घेऊन एकेक ठोकळा प्रक्रियेतून काढायचा. डीईएसचा ठोकळा ६४ बिटांचा. तो सोळा फेऱ्यांतून जातो. असेंब्ली लाइनवर बॉडी एकेका स्टेशनवरून पुढे सरकते तसंच हे काम चालतं: प्रत्येक फेरीत किल्लीतून काढलेला एक तुकडा मिसळायचा, मग तक्त्यातून बदली, मग बिटांची अदलाबदल. शेवटी जे बाहेर पडतं त्यावरून आत काय गेलं होतं ते किल्लीवाल्याशिवाय कुणालाच सांगता येऊ नये. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ मध्येच याची कसोटी मांडून ठेवली होती: किल्ली आणि निकाल यांतलं नातं जितकं जमेल तितकं गुंतागुंतीचं हवं, आणि आतला एक बिट बदलला तर त्याचा परिणाम सगळ्या निकालावर पसरायला हवा.

डीईएसमध्ये एक गोष्ट मुद्दाम उघडी ठेवली होती. पूर्ण कृती छापून प्रसिद्ध केली होती. गुप्त होती ती फक्त किल्ली. ऑगस्ट कर्कहॉफ्स या लष्करी गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने १८८३ साली हेच सांगितलं होतं, की यंत्रणा शत्रूच्या हातात पडली तरी बिघडू नये. कृती उघडी असल्यामुळे डीईएसवर वीस वर्षं जगभरच्या गणितज्ञांनी हात साफ करून घेतला. किल्ली ५६ बिटांची, म्हणजे आखूड आहे, ही ओरड पहिल्या दिवसापासून होती. जुलै १९९८ मध्ये एका अमेरिकी संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत यंत्र बांधून ५६ तासांत ती शोधूनही दाखवली. पण डीईएस म्हातारपणाने गेलं. त्यात दडलेली खोट सापडून गेलं असं म्हणता येत नाही.

गाडीच्या किल्लीचा मार्ग वेगळा निघाला. १९८० च्या दशकाच्या मध्यात दक्षिण आफ्रिकेत नॅनोटेक नावाच्या कंपनीसाठी फ्रेडरिक ब्रूवर, गिडियन कून आणि विलेम स्मिट यांनी एक इवलासा ब्लॉक सायफर आणि त्याची चिप तयार केली. त्याला पुढे कीलॉक हे नाव पडलं. प्रश्न अगदी व्यवहारातला होता. तेव्हाचे रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवत. पार्किंगमध्ये रेडिओ घेऊन बसलेल्याने तो एकदा टिपला की नंतर तोच वाजवून दार उघडायचं. यावर उपाय असा की रिमोटमध्ये एक मोजणी ठेवायची, बटण दाबलं की ती एकाने वाढवायची, आणि ती मोजणी गुप्त करून पाठवायची. गाडी ती उलगडते, आधीच्या आकड्यापेक्षा पुढचा आकडा दिसला तरच दार उघडते. खिशात बटण चुकून दोन-चार वेळा दाबलं गेलं तर पंचाईत होऊ नये म्हणून पुढच्या सोळा आकड्यांपर्यंत गाडी मुकाट्याने मान्य करते. त्याहून पुढे गेलं तर लागोपाठ दोनदा दाबायला लावते. रिमोट दोनदा दाबल्यावर दार उघडलं म्हणून आपण सेलला शिव्या देतो. कधीकधी दोष त्या मोजणीचा असतो.

हे सगळं करायचं होतं बटण-सेलवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या, काही रुपयांच्या चिपमध्ये. म्हणून कीलॉकची रचना कमालीची काटकसरी होती. ठोकळा फक्त ३२ बिटांचा, किल्ली ६४ बिटांची. फेऱ्या मात्र ५२८. आकडा दचकवणारा आहे, पण एका फेरीत घडतं फारच थोडं: ३२ बिटांची रांग एका घराने सरकते, त्यातल्या काही ठरावीक घरांतले बिट आणि किल्लीतला एक बिट मिळून नवा एक बिट तयार होतो आणि तो रिकाम्या जागी बसतो. चौसष्ट फेऱ्यांत किल्ली संपली की परत पहिल्या बिटापासून सुरुवात. अशी आठ आवर्तनं आणि वर सोळा फेऱ्या. अभियंता म्हणून बघितलं तर दाद द्यावी अशी बांधणी आहे. तेच सर्किट पुन्हा पुन्हा वापरायचं, एकही लॉजिक गेट वाया घालवायचं नाही. १९९५ मध्ये मायक्रोचिप टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने हे तंत्र सुमारे एक कोटी डॉलरना विकत घेतलं. कृती मात्र छापली नाही. करारावर सही करणाऱ्यालाच ती मिळत असे.

मुहूर्त अचूक साधला होता. युरोपात गाड्यांच्या चोऱ्या बेसुमार वाढल्या होत्या आणि विमा कंपन्या मेटाकुटीला आल्या होत्या. १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून युरोपात नव्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. म्हणजे किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक ट्रान्सपाँडर म्हणजे रेडिओवरून उत्तर देणारी चिप, इग्निशनभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि इंजिनाच्या ईसीयूने, म्हणजे नियंत्रक संगणकाने, विचारलेल्या प्रश्नाला चिपने बरोबर उत्तर दिल्याशिवाय इंधन सुटणार नाही. रिमोट दार उघडतो, इमोबिलायझर इंजिन सोडतो. ही दोन वेगळी कुलपं आहेत, हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवावं.

आणि याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १९५० च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेली पिंपरी, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर टेल्को आणि बजाजच्या आधाराने वाढलेली वसाहत, १९८२ ची महानगरपालिका, हा क्रम शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. १९९० च्या दशकात ती ट्रक-स्कूटरवरून मोटारीकडे वळली. १९९५ च्या सुमारास टेल्कोच्याच आवारात मर्सिडीज-बेंझ जुळवल्या जाऊ लागल्या. १९९८ च्या डिसेंबरात टेल्कोची इंडिका मोटार आली. नंतर उद्योगाने इंद्रायणी ओलांडली. चाकणला आधी बजाज, मग २००९ मध्ये फोक्सवागन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्र. तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्स. त्यांच्यामागून व्हेंडर आले. मिंडा कॉर्पोरेशनसारखे कुलूप-किल्ल्या बनवणारेही नाणेकरवाडीच्या आसपास आले. चाकणच्या कांद्याच्या बाजारात जाणारे ट्रॅक्टर आणि कंटेनर एकाच चौकात अडकू लागले.

भारतात इमोबिलायझरची युरोपासारखी सरसकट सक्ती तेव्हा नव्हती. इथे किल्लीतलं गुप्तलेखन दुकानातून आलं. नवी गाडी घेतली की आठवड्याच्या आत ॲक्सेसरीजवाल्याकडे जाऊन सेंट्रल लॉकिंग आणि सायरन बसवून घ्यायचा, हा रिवाजच होता. नाशिकची ऑटोकॉप ही या धंद्यातली घरोघरी पोचलेली कंपनी. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने याला सरकारी शिक्काही दिला: पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं आणि ऑटोमोबाइल असोसिएशनने तसा दाखला दिला, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त पाचशे रुपये. पाचशे रुपयांसाठी तो दाखला आणायला किती जण गेले असतील, हा प्रश्न वाचकावर सोडतो. पण आतली चिप कोणत्या सायफरवर चालते, त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारणारा एकही गिऱ्हाईक कुठल्या काउंटरवर आला असेल असं वाटत नाही.

गिऱ्हाइकाला तरी काय नावं ठेवायची? सरकारचंही तेच होतं. इंटरनेट सेवांच्या १९९९ च्या परवान्यातल्या अटीप्रमाणे ४० बिटांपर्यंतची किल्ली विनापरवाना वापरता येई; त्यापुढे जायचं तर परवानगी घ्या आणि किल्ली जमा करा. दोनच वर्षांनी रिझर्व्ह बँकेने बँकांना इंटरनेट व्यवहारांसाठी किमान १२८ बिटांचं संरक्षण ठेवायला सांगितलं. एक खातं म्हणे चाळीसच्या वर जाऊ नका, दुसरं म्हणे एकशे अठ्ठावीसच्या खाली येऊ नका.

चाळीस बिट म्हणजे किती तकलादू, ते २००५ मध्ये गाडीच्याच किल्लीवर दिसलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा डीएसटी४० हा ४० बिटांचा ट्रान्सपाँडर फोर्डच्या गाड्यांत आणि अमेरिकेतल्या पेट्रोलपंपांच्या पैसे भरण्याच्या टॅगमध्ये होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची गुप्त कृती बाहेरून निरीक्षणं करून शोधली, सोळा एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपा, एकत्र जोडल्या आणि तासाभरात किल्ली काढली. मग स्वतःच्याच टॅगची नक्कल करून पेट्रोल भरलं आणि गाडी सुरू करून दाखवली.

कीलॉकची वेळ लगेच आली. २००६ मध्ये त्याची झाकून ठेवलेली कृती एका रशियन संकेतस्थळावर कुणीतरी टाकली. वीस वर्षं बंद खोलीत राहिलेला सायफर पहिल्यांदा उन्हात आला आणि दोन वर्षांत निकामी ठरला. आधी अँड्री बोग्दानोव्ह या संशोधकाने २००७ मध्ये त्याचा कच्चा दुवा दाखवला. मग बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातले आणि इस्रायलमधले संशोधक एकत्र आले. त्यांत सेबास्टियान इंडेस्टीगे, नाथन केलर, ओर डंकेलमन, एली बिहाम आणि बार्ट प्रनेल होते. २००८ च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलच्या युरोक्रिप्ट परिषदेत त्यांनी प्रत्यक्ष चालणारा हल्ला मांडला: किल्लीजवळ तासाभराहून थोडा अधिक वेळ, ६५,५३६ प्रश्नोत्तरं, आणि चौसष्ट कोअरच्या संगणकांवर आठवडाभराची गणितं. किल्ली हातात.

हा हल्ला ज्या फटीतून शिरला ती समजून घेण्यासारखी आहे. कीलॉकच्या ५२८ फेऱ्या ऐकून वाटतं की केवढी तटबंदी! पण दर चौसष्ट फेऱ्यांनी किल्ली पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि सर्किट तर तेच. म्हणजे आठही आवर्तनं तंतोतंत सारखी. हल्लेखोराला ५२८ फेऱ्या फोडाव्या लागत नाहीत. एका आवर्तनाचं पाऊल दुसऱ्यावर बरोबर बसणाऱ्या दोन ठोकळ्यांची जोडी सापडली की चौसष्ट फेऱ्यांचाच प्रश्न उरतो. ॲलेक्स बिर्युकोव्ह आणि डेव्हिड वॅगनर यांनी १९९९ मध्येच या 'स्लाइड' हल्ल्याची रीत प्रसिद्ध केली होती. ती वाचलेल्या कुणाला कीलॉकची कृती दाखवली असती, तर त्याने चहा संपायच्या आत बोट ठेवलं असतं. पण दाखवायचीच नव्हती. ज्या पुनरावृत्तीने चिप स्वस्त केली तिनेच सायफर मारला.

तरीही धंद्याच्या दृष्टीने मोठा घाव जर्मनीतल्या बोखुममधून बसला. रूर विद्यापीठातल्या क्रिस्टोफ पार यांच्या गटाने त्याच २००८ सालात गणिताच्या वाटेने जायचंच नाही असं ठरवलं. चिप काम करत असताना किती वीज ओढते याचे आलेख त्यांनी काढले आणि त्यांतून किल्ली वाचली. रिमोटच्या चिपसाठी काही मोजके आलेख पुरेसे होते. खरी गोम होती गाडीच्या बाजूच्या रिसीव्हरमध्ये. प्रत्येक रिमोटची ६४ बिटांची किल्ली वेगळी असते खरी, पण ती तयार कशी होते? रिमोटचा अनुक्रमांक आणि उत्पादकाची एक मूळ किल्ली यांच्यापासून. अनुक्रमांक तर रिमोट प्रत्येक दाबासरशी उघडपणे हवेत सोडतो. आणि मूळ किल्ली? ती त्या उत्पादकाच्या प्रत्येक रिसीव्हरमध्ये बसलेली, सगळीकडे तीच. एक रिसीव्हर विकत घेतला, टेबलावर ठेवून त्यातून ती काढली, की त्या उत्पादकाचं प्रत्येक दार उघडायला लांबून ऐकलेले दोन संदेश पुरतात. शंभर मीटरवरूनही चालतं, असं या गटाने सांगितलं.

हा मुद्दा बातम्यांत मागे पडला. मथळे होते 'सायफर फुटला' असे. पण कीलॉकच्या जागी जगातला सर्वोत्तम सायफर असता तरी, हजारो रिसीव्हरांत एकच मूळ किल्ली ठेवल्यावर निकाल तोच लागला असता. हा माझा तर्क नाही. पुढे तसं घडलं.

मध्ये एक कोर्टाचा अंक झाला. रूल व्हेरदुल्त, फ्लाव्हिओ गार्सिया आणि बारिश एगे या संशोधकांनी मेगामॉस क्रिप्टो या इमोबिलायझर चिपचं विच्छेदन केलं. हा ९६ बिटांच्या किल्लीचा सायफर ब्लॉक जातीचा नाही, पण घराणं तेच, झाकून ठेवलेल्यांचं. त्यांनी चिप बनवणाऱ्यांना नऊ महिने आधी कळवलं होतं. तरी फोक्सवागन लंडनच्या हायकोर्टात गेली आणि जून २०१३ मध्ये न्या. बर्स यांनी निबंध छापायला तात्पुरती मनाई केली. तो शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे तीच कृती २००९ पासून किल्ल्या प्रोग्रॅम करणाऱ्या एका विकाऊ सॉफ्टवेअरच्या पोटात पडून होती. चावीवाल्यांना माहीत, चोरांना माहीत असण्याची दाट शक्यता, आणि मनाई कुणाला, तर प्राध्यापकांना. त्या निबंधात आणखी एक निरीक्षण होतं: काही गाड्यांत ९६ बिटांची किल्ली भरताना उत्पादकांनी त्यातले बरेच बिट सरळ ठरावीकच ठेवले होते. अशा किल्ल्या लॅपटॉपवर मिनिटांत निघत.

ऑगस्ट २०१६ मध्ये गार्सिया, डेव्हिड ओस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी फोक्सवागन समूहाच्या रिमोटवरचा निबंध मांडला आणि इथे माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा मिळतो. १९९५ नंतरच्या समूहाच्या रिमोटच्या चार पिढ्या त्यांनी तपासल्या होत्या. पहिलीत गुप्तलेखन म्हणावं असं काही नव्हतं. मधल्या दोन पिढ्यांत एयूटी६४ हा ६४ बिटांच्या ठोकळ्याचा आणि १२० बिटांच्या किल्लीचा झाकलेला ब्लॉक सायफर. चौथीत मात्र एक्सटीईए होता. हा केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम आणि डेव्हिड व्हीलर यांनी १९९७ मध्ये उघडपणे मांडलेला, १२८ बिटांच्या किल्लीचा, आजही पूर्ण फेऱ्यांनिशी कुणाला व्यवहारात न फुटलेला सायफर. म्हणजे धडा शिकून झाला होता? नाही. गुप्तलेखन असलेल्या तिन्ही पिढ्यांत त्या-त्या पिढीची किल्ली जगभर एकच. प्रत्येक ईसीयूत तीच. संशोधकांनी ईसीयूमधलं सॉफ्टवेअर वाचून ती काढली, आणि मग एकच दाब ऐकून रिमोटची नक्कल करता येऊ लागली. अभ्यासलेल्या गाड्या युरोपातल्या होत्या. यादीतली पोलो आणि फाबिया ही नावं चाकणला चांगलीच ओळखीची आहेत. यातून दार उघडतं, इंजिन सुटत नाही, आणि समूहाच्या तेव्हाच्या सर्वांत नव्या पिढीच्या गाड्या यातून सुटल्या होत्या, हेही सांगायला हवं. पण एक्सटीईएचं काय चुकलं? काहीच नाही. उत्तम पोलादाचं कुलूप आणि सगळ्या कॉलनीला एकाच साच्याची किल्ली, असं ते झालं.

पुढची चार वर्षं याच निदानावर शिक्कामोर्तब करण्यात गेली. २०१८ मध्ये ख्रिस्तोफर हिक्स, गार्सिया आणि ओस्वाल्ड यांनी एयूटी६४ पूर्ण उलगडला. सायफरच्या रचनेत खोटी सापडल्याच. पण ज्या इमोबिलायझरमध्ये तो वापरला होता तिथे १२० बिटांच्या किल्लीचा मोठा भाग गाड्यागाड्यांत तोच राहत असावा, असे जोरदार संकेत मिळाले. २०२० मध्ये डीएसटी८० ची पाळी. ४० बिटांची नाचक्की झाल्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने किल्ली ८० बिटांची केली होती. लेनर्ट वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तर टोयोटाच्या अभ्यासलेल्या गाड्यांत ती किल्ली चिप स्वतःच सांगत असलेल्या अनुक्रमांकावरून काढता येत होती. किया आणि ह्युंदाईच्या काही मॉडेलांत ८० पैकी खरोखर अनोळखी बिट होते २४. चोवीस बिट म्हणजे एक कोटी अडुसष्ट लाखांच्या आत. लॅपटॉपला ते काम क्षणाचं. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना नंतर ह्युंदाईनेच घेतला, पण त्याआधीचा हा जमाखर्च आहे.

असं पुन्हा पुन्हा का व्हावं? मूर्खपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला कारण लाइनवर दिसतं. मिनिटामिनिटाला एक गाडी पुढे सरकते तिथे प्रत्येक ईसीयूत वेगळी, खरीखुरी यादृच्छिक किल्ली लिहायची, ती कोणत्या चॅसिस नंबरला गेली याची नोंद ठेवायची, ती नोंद कुणी चोरू नये याची व्यवस्था करायची, आणि दहा वर्षांनी गिऱ्हाइकाची किल्ली हरवली की ती पुन्हा काढून द्यायची, या प्रत्येक पायरीला पैसे आणि सेकंद लागतात. उलट एकच किल्ली सॉफ्टवेअरमध्ये भाजून दिली की सगळे पार्ट एका पार्ट नंबरचे. स्टोअर खूश, व्हेंडर खूश, सर्व्हिसवाले खूश. एकसारखेपणाची चटक लागलेल्या व्यवस्थेला वेगळेपण म्हणजे रिजेक्शनसारखंच वाटतं.

सायफरचा प्रश्न मात्र तोवर सुटला होता. डीईएसच्या जागी नवं मानक निवडायला अमेरिकेने १९९७ मध्ये जगाला जाहीर आवाहन केलं. पंधरा प्रस्ताव आले, सगळे उघडे. तीन वर्षं एकमेकांच्या प्रस्तावांची चिरफाड झाली आणि बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांचा प्रस्ताव २००१ मध्ये एईएस म्हणून मानक झाला. ठोकळा १२८ बिट, १२८ बिटांच्या किल्लीला फेऱ्या फक्त दहा. कीलॉकच्या ५२८ च्या तुलनेत दहा! पण एईएस मूळ किल्लीतून प्रत्येक फेरीसाठी नवी उपकिल्ली काढतं आणि ती काढताना दर वेळी एक वेगळा स्थिरांक मिसळतं. दोन फेऱ्या सारख्या निघू नयेत एवढ्यासाठीच तो ठेवला आहे.

आज आकुर्डी-निगडीपासून आळंदीपर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला 'नवा सममित ब्लॉक सायफर' हा प्रोजेक्ट घेणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. शिकण्यासाठी तो उत्तम आहे. पण गुप्तलेखनतज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १९९८ मध्ये बजावलं होतं की स्वतःला फोडता येत नाही असा सायफर कुणीही नवशिका बनवू शकतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या मुलांना मी उलटा प्रोजेक्ट सुचवेन: सायफर एईएस घ्या, आणि पन्नास हजार गाड्यांना पन्नास हजार वेगळ्या किल्ल्या कशा पोचवाल त्याची व्यवस्था आखा. चाकणला नोकरी मागायला जाल तेव्हा हेच विचारतील.

कारण आता किल्ली फक्त दाराची राहिलेली नाही. गाडीतल्या डझनावारी ईसीयू बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन तारेवर आपसांत बोलतात, आणि त्या मूळ रचनेत कोण बोलतंय याची खातरजमा नव्हती. आता मोटार उद्योगाच्या ऑटोसार मानकातल्या सेकओसी पद्धतीत ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या संदेशामागे एईएसने काढलेला एक छोटा शिक्का आणि एक पुढे जाणारी मोजणी जोडतात. ती मोजणी कीलॉकचीच पणती. या सॉफ्टवेअरचं मोठं काम हिंजवडीच्या केपीआयटीसारख्या कंपन्यांत चालतं. किल्ल्या चिपच्या वेगळ्या बंदिस्त कोपऱ्यात लिहिल्या जातात, लाइनच्या शेवटच्या टप्प्यावर, सर्व्हरकडून मागवून. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून २०२० मध्ये मंजूर झालेल्या आर१५५ नियमाने अशी सायबर व्यवस्था दाखवल्याशिवाय अनेक देशांत गाडीला मान्यता मिळणं बंद झालं. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ हे मानक आलं आहे. पूर्वी एआरएआय सायरन तपासून पाचशे रुपयांच्या सुटीचा मार्ग मोकळा करत असे. आता उत्पादक किल्ल्या कुठे आणि कशा सांभाळतो हा तपासणीचा विषय झाला आहे.

चोर अर्थातच थांबले नाहीत. किल्ली खिशात असली तरी दार उघडणाऱ्या गाड्यांत त्या किल्लीचा संकेत दोन उपकरणांनी लांबवर पोचवायचा आणि गाडीला मालक जवळ असल्याचा भास करून द्यायचा, हे ईटीएच झ्युरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर करून दाखवलं. तिथे सायफरला हातही लावावा लागत नाही.

राहिलं आपल्या हातातलं. इमोबिलायझरच्या बहुतेक गाड्यांत मान्य किल्ल्यांची यादी गाडी स्वतः बाळगते, आणि गाडी विकली गेली म्हणून ती यादी आपोआप बदलत नाही. आधीच्या मालकाच्या कपाटात, ड्रायव्हरच्या घरी, गॅरेजवाल्याच्या खिळ्यावर राहिलेली तिसरी किल्ली तुमच्या गाडीला अजूनही ओळखीची असते. जुनी गाडी घ्याल तेव्हा मिळालेल्या सगळ्या किल्ल्या घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, यादीतल्या जुन्या किल्ल्या पुसून फक्त हातातल्या नव्याने नोंदवून घ्या, आणि किती किल्ल्या नोंदल्या तो आकडा जॉब कार्डवर लिहून मागा.